आमचे पानिपत

केंद्र सरकारच्या नोकरास वर्षातून दोन ऐच्छिक सुट्या मिळतात. त्यांपैकी एक आम्ही मकरसंक्रांतीसाठी राखून ठेवतो, आणि यंदा ती काला अंबच्या पायी खर्ची घातली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर मराठ्यांची एक पिढी कामी आली, त्या रणांगणाची खूण म्हणजे हे स्थळ. पूर्वी येथे आंब्याचे एक झाड होते. रक्त पिऊन ते काळवंडले, अशी लोककथा आहे. आज झाड नाही. स्मारकस्तंभ आहे, त्याभोवती कुंपण आहे, आणि दरवर्षी या दिवशी लोटणारी गर्दी आहे. दिल्लीहून सुमारे नव्वद किलोमीटर. धुक्यात पहाटेची बस पकडताना आमच्याबरोबर दहा वर्षांचे चिरंजीव होते, आणि चिरंजीवांच्या पाठीवर तिळाच्या वड्यांची अडतीस पाकिटे होती.

या अडतीस पाकिटांची हकिकत आधी सांगितली पाहिजे. आदल्या रविवारी आमच्या वसाहतीत मराठी मंडळींचा मेळावा होता. शाळेत कोणी पाहुणे 'नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा' असे भाषण करून गेले होते. त्या भाषणाचा परिणाम म्हणून चिरंजीवांनी वाढदिवसाचे साठविलेले नऊशे रुपये भांडवल घातले, आईच्या देखरेखीखाली साठ पाकिटे वड्या सिद्ध केल्या आणि पाकिटास तीस रुपये भाव ठेवला. बावीस पाकिटे हातोहात गेली. मग गिऱ्हाईक आटले. माणसे येत, पाहत, गालगुच्चा घेत आणि पुढे जात. टेबलामागे ताठ उभ्या असलेल्या त्या मुलाचे तोंड हळूहळू उतरत गेले, ते आम्हांस पाहवेना. आम्ही कचेरीतील एका स्नेह्यांस बाजूला घेतले, त्यांच्या हाती पाचशे चाळीस रुपये ठेवले, आणि त्यांनी अठरा पाकिटे खरेदी केली. दुर्दैवाने हे स्नेही मधुमेही आहेत, व तासाभरापूर्वीच तिळगुळास हात जोडून नकार देताना चिरंजीवांनी त्यांना पाहिले होते. रात्री त्यांनी पाचशे चाळीस रुपये आमच्यासमोर मोजून ठेवले आणि म्हणाले, "बाबा, माझी पाकिटे परत आणून द्या."

आम्ही असे का केले? कारण ते उतरलेले तोंड आमच्या ओळखीचे होते.

आमच्या वडिलांचा पहाडगंजात लहानसा छापखाना होता. पायाने चालवायचे ट्रेडल यंत्र, खिळ्यांचे खण, दोन जुळारी. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका यांवर तो चाले. महिनाअखेर आली की घरातले आवाज खाली येत. आज त्याच तारखेस आमच्या खात्यात पगार जमा होतो आणि आम्ही श्रीखंड आणतो. वडिलांना त्या तारखेस दुसऱ्यांचे पगार द्यावे लागत. ते त्यांनी एकदाही चुकविले नाहीत. किराणा मात्र चुके. पुढे संगणकावरची जुळणी आली, ऑफसेट आले, आणि आम्ही शाळेत असतानाच एके दिवशी सारे खिळे शिशाच्या भावाने भंगारात गेले. त्यानंतर वडील एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहीत. छापखान्याविषयी ते घरात पुन्हा बोलले नाहीत, आणि आम्हीही कधी विचारले नाही. आम्ही पदवीधर झालो, परीक्षा दिली, लिपिक झालो. नेमणुकीचे पत्र हाती घेऊन वडील रडले. ते आनंदाने, असे आम्ही इतकी वर्षे धरून चाललो होतो.

बसमध्ये, काही तरी धीराचे बोलावे म्हणून, आम्ही चिरंजीवांस लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावास आले, सायकली विकल्या, पुढे लोखंडी नांगर तयार केला. शेतकरी म्हणत, लोखंडाने जमिनीत विष भिनेल. सुमारे दोन वर्षे नांगरास गिऱ्हाईक मिळाले नाही. अखेर १९१० साली औंध संस्थानाने दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

"त्या दोन वर्षांत ते रोज घरी येऊन काय सांगत?" चिरंजीवांनी विचारले.

आम्हांस उत्तर देता आले नाही. या थोरांच्या गोष्टी आम्ही १९१० वर पोहोचण्याच्या घाईने सांगतो. न विकलेले नांगर अंगणात ठेवून संध्याकाळी घरात शिरणारा माणूस चपला काढताना कोणाची नजर चुकवीत असेल, हे आमच्या भाषणांत कोठेच येत नाही. आमच्या कचेरीत चूक झाली तर ती फायलीची असते. तीवर सात सह्या असतात. धंद्यातील चुकीवर सही एकच.

काला अंबला जयघोष चालू होता, फेटे होते, भाषणे होती. चिरंजीवांनी कुंपणापाशी पाकिटे मांडली. महाराष्ट्रातून आलेल्या एका वयस्क बाई थांबल्या, कौतुकाने हसल्या, आणि भाव ऐकताच त्यांचे हसू मावळले. "अरे बाळा, तिळगूळ का कोणी विकतं? द्यायचा असतो तो!" भोवतीची मंडळी हसली. चिरंजीवांनी आमच्याकडे पाहिले. आमचा हात खिशाकडे गेला होता. या खेपेस आम्ही तो तेथेच आवरला.

खरे म्हणजे याच लढाईपूर्वी भाऊसाहेबांना दिल्लीच्या दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून नाणी पाडावी लागली होती. याच लढाईची बातमी पेशव्यांस एका सावकारी पत्रातून, गळालेली मोती आणि हरवलेल्या मोहरा अशा हिशेबी सांकेतिक भाषेत कळली, असे सांगतात. त्या भूमीवर उभे राहून पैशाचे नाव आम्हांस अमंगळ वाटावे! पण हे त्या बाईंस सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. काला अंबला एकही पाकीट गेले नाही.

मराठीत पानिपत म्हणजे सर्वनाश. पानिपतच्या बाजारात मात्र हा अर्थ कोणी जाणत नाही. १९४७ साली येथील बरेचसे मुसलमान विणकर पाकिस्तानात गेले आणि पश्चिम पंजाबातून उखडलेली कुटुंबे त्यांच्या जागी आली. त्यांनी माग हाती घेतले, आणि गावात पुन्हा कापड विणले जाऊ लागले. परदेशांतून टाकून दिलेले लोकरी कपडे येथे येतात, रंगारंगांप्रमाणे निवडले जातात, यंत्रात पिंजून त्यांचे पुन्हा सूत होते आणि त्या सुताची ब्लँकेटे होतात. अशा ब्लँकेटांच्या एका दुकानात चिरंजीव आम्हांस न विचारता शिरले. गादीवर बसलेल्या लालाजींनी ना गालगुच्चा घेतला, ना कौतुक केले. एक वडी तोडून चाखली, पाकीट तळहातावर तोलले आणि विचारले, "दस लूँ तो क्या भाव?" पाच मिनिटे घासाघीस चालली. आम्ही दाराशी उभे होतो. आम्हांस कोणी आत बोलाविले नाही. अठरा रुपयांप्रमाणे दहा पाकिटे गेली. बाहेर येताना चिरंजीवांचा चेहरा आनंदी नव्हता; पण त्या मेळाव्यातल्यासारखा उतरलेलाही नव्हता.

परतीच्या बसमध्ये त्यांनी वही काढून हिशेब मांडला. भांडवल ९००. विक्री ६६० आणि १८०. शिल्लक माल २८ पाकिटे. तोटा ६०. वही आमच्यापुढे धरली. एरवी आम्ही 'शाबास' म्हणून ती मिटली असती.

"बसभाडे कोठे आहे?" आम्ही विचारले.

ते क्षणभर वहीकडे पाहत राहिले. मग पेन्सिलीस टोक करीत म्हणाले, "माझे अर्धे तिकीट, की तुमचेसुद्धा?"

"तुझेच," आम्ही म्हणालो.

त्यांनी दोन्ही बाजूंचे भाडे लिहिले आणि साठाचा आकडा खोडला.