सोमवारची संध्याकाळ घराची

वाचकहो, आज आपण लांबच्या एका खोऱ्यात जाऊ. अमेरिकेच्या पश्चिम भागात युटा नावाचे राज्य आहे. त्याची राजधानी सॉल्ट लेक सिटी. तेथून उत्तरेला सुमारे १३० किलोमीटर गेले, की डोंगर दोन्ही बाजूंना सरकतात आणि समोर हिरवेगार सपाट खोरे लागते. त्याचे नाव कॅश व्हॅली. हे नाव पैशावरून पडलेले नाही बरे का! जुन्या काळी जनावरांची कातडी मिळवणारे शिकारी येथे येत आणि जमिनीत खड्डा खणून त्यात आपला माल पुरून ठेवत. अशा खड्ड्याला फ्रेंच भाषेतून आलेला शब्द आहे कॅश. आपण ज्याला पेव म्हणतो तेच ते. तेव्हा याला पेवांचे खोरे म्हणायला हरकत नाही.

या खोऱ्यात लॉगन हे मुख्य गाव. भोवती लसूणघासाची शेते, गहू, जव, मुरघासासाठी लावलेला मका आणि काळ्यापांढऱ्या दुभत्या गाईंचे गोठे. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला सुमारे १८ इंच. उन्हाळा कोरडा जातो. डोंगरावरचे बर्फ वितळून ओढ्यानद्यांना पाणी येते, ते पाटाने शेतात घेतात आणि त्यावर सारा संसार चालतो.

हा संसार मांडणारे लोक म्हणजे मॉर्मन. 'बुक ऑफ मॉर्मन' या त्यांच्या धर्मग्रंथावरून बाहेरच्यांनी त्यांना हे नाव दिले. जोसेफ स्मिथ याने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हा ख्रिस्ती पंथ काढला. लोकांचा विरोध इतका, की त्यांना एक एक ठाणे सोडावे लागले आणि १८४४ साली जमावाने स्मिथला ठार केले. पुढे ब्रिगहॅम यंग याच्या मागून हे लोक बैलगाड्या घेऊन माळ तुडवीत १८४७ च्या जुलैत युटात पोचले. पोचल्या पोचल्या त्यांनी ओढ्याला बांध घातला, जमीन भिजवली आणि बटाटे लावले. घरे मागाहून! शेतकऱ्याला यातले मर्म सांगायला नको. कॅश खोऱ्यात ते १८५६ साली उतरले.

ही जमीन मात्र मोकळी नव्हती. शोशोनी जमातीचे लोक येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. नव्या लोकांच्या गुरांनी गवत खाल्ले आणि ज्या गवताच्या बियांवर शोशोनी जगत तेच संपले. भुकेतून तंटे झाले. शेवटी २९ जानेवारी १८६३ रोजी खोऱ्याच्या उत्तर भागात अमेरिकी सैन्याने शेकडो शोशोनी माणसे मारली. त्यांत बायका होत्या, तान्ही मुले होती. मुलाबाळांच्या सुखाची गोष्ट या खोऱ्यातून सांगताना ही गोष्ट वगळून चालणार नाही.

एक गोष्ट आपल्याला लगेच ओळखीची वाटेल. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शेतकरी आपापल्या शेतात घर बांधून राहतो. शेजारी हाकेच्या अंतरावर नसतो. मॉर्मन लोकांनी तसे केले नाही. त्यांनी आधी गावठाण आखले. रुंद सरळ रस्ते, प्रत्येक घरामागे परसबाग, फळझाडे आणि गोठा, आणि शेते गावाबाहेर शिवारात. पाटाचे पाणी कोणा एकट्याचे नाही. शेतकऱ्यांनी मिळून पाटाची कंपनी केलेली असते, ज्याचा जेवढा हिस्सा तेवढे पाणी, आणि ते पाळीने. धुळ्याकडच्या पांझराकाठची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन समजेल. पाळी रात्री आली तर बाप फावडे घेऊन निघे, मागून गमबूट घातलेला पोरगा कंदील धरी. आता बऱ्याच शेतांत तुषार सिंचनाच्या चाकांवरच्या नळ्या आल्या आहेत. त्या हलवायला मात्र पोरे अजून लागतात.

आता असे एक नमुन्याचे घर डोळ्यापुढे आणा. आईबाप आणि पाच मुले. थोरला अकरा वर्षांचा, शेंडेफळ दीड वर्षाचे. युटात घरटी माणसांची सरासरी अमेरिकेतल्या इतर राज्यांहून जास्त आहे, तरी ती तीनच्या आसपासच. पूर्वीच्या सहासात मुलांच्या घरांपुढे आता पाच म्हणजे भरलेले घर.

पहाटे बाप गोठ्यात असतो. यंत्राने धारा काढतात, तरी वासरांना बाटलीने दूध पाजायचे काम मुलांचे. सहा वर्षांच्या मुलीकडे कोंबड्या आणि अंडी. चार वर्षांच्या मुलाकडे काय? मोजे जोडीने लावणे आणि जेवणाच्या टेबलावर चमचे मांडणे. चमचे वाकडे पडतात, एखादा खाली जातो. आई ते उचलते आणि त्याच्याच हातात परत देते. स्वतः मांडत नाही. काम लवकर उरकावे हा तेथे हेतू नाही. हे आपले काम आहे असे पोराला वाटावे एवढाच हेतू आहे.

जेवणापूर्वी छोटी प्रार्थना होते आणि तीही मुलांनी पाळीपाळीने म्हणायची. पाहुणे आले तर चहा मिळणार नाही हो! १८३३ च्या एका शिकवणीवरून या पंथात चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू वर्ज्य. पाहुण्याला दूध, कोको किंवा फळांचा रस. आपल्याकडचा पाहुणा अशा घरी पहिल्या सकाळी थोडा कासावीस होईल खरा.

पण या घरात पाहण्यासारखे काही असेल तर ती सोमवारची संध्याकाळ. १९१५ साली पंथाच्या प्रमुखांनी सांगितले, की आईबापांनी एक संध्याकाळ मुलांसाठी राखून ठेवावी. १९७० पासून ती सोमवारी ठरली. त्या रात्री चर्चच्या सभा ठेवत नाहीत. धारा काढून बाप हातपाय धुऊन येतो आणि सगळे एका खोलीत बसतात. पुष्कळ घरांत भिंतीवर एक पाटी असते. तिच्यावर मुलांची नावे आणि कामे: आज प्रार्थना कोणाची, गाणे कोण निवडणार, गोष्ट कोण सांगणार, खाऊ कोण करणार. दर आठवड्याला नावे पुढे सरकतात. अजून वाचता न येणाऱ्या पोराचेही नाव तेथे असते आणि आपले नाव कोणते हे त्याला बरोबर ठाऊक असते.

मग एक गाणे, एक प्रार्थना, दहा मिनिटांचा धडा. खोटे का बोलू नये, भावाची वस्तू न विचारता का घेऊ नये, असा. त्यातच कोणी कोणाला चिमटा काढतो, तान्हे रडू लागते, थोरला जांभया देतो. हे लोक स्वतःच थट्टेने म्हणतात, की आमची ही संध्याकाळ म्हणजे प्रार्थनेने सुरू होऊन प्रार्थनेने संपणारे घरातले भांडण! मग खेळ आणि मक्याच्या लाह्या. तासाभरात सारे संपते. एखादा सोमवार पाहून यात विशेष काय, असे वाटेल. पण मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत असे नऊशेहून अधिक सोमवार होतात. एका सोमवारने काही घडत नाही. जे घडते ते या नऊशेंनी.

रविवारी सारे घर चर्चला जाते. २०१९ पासून ही सभा तीन तासांची दोन तासांवर आणली, तेव्हा लहान मुलांच्या आयांनी सुटकेचा श्वास टाकला असणार. पहिला तास सारे एकत्र. तान्ह्यांना गप्प ठेवायला आयांच्या पिशवीत कोरडा खाऊ आणि चित्रांची पुस्तके. भाकर आणि पाणी प्रसादासारखे वाटले जाते, आणि ते रांगांतून नेणारे बहुधा बारातेरा वर्षांचे मुलगे असतात. पगारी पुरोहित नसतो. गावातलाच कोणी शेतकरी, शिक्षक किंवा दुकानदार काही वर्षे बिनपगारी बिशप होतो. दुसऱ्या तासाला मुलांचे वर्ग. ऑरेलिया रॉजर्स नावाच्या बाईने १८७८ साली फार्मिंग्टन गावी मुलांसाठी ही शाळा सुरू केली. गावची पोरे उनाड होत चालली आहेत, त्यांना काही वळण लावावे, हा तिचा विचार. आज तीनचार वर्षांचे पोरही तेथे सर्वांसमोर उभे राहून दोन वाक्ये बोलते. भीड मोडते ती तेथेच.

आठ वर्षे पूर्ण झाली की बाप्तिस्मा. पांढरे कपडे घालून बहुधा बापच मुलाला पाण्यात बुडवून काढतो. तोवर बरेवाईट कळत नाही, म्हणून तान्ह्या मुलाला फक्त नाव आणि आशीर्वाद. पैशाचे वळण त्याहूनही लवकर लागते. मिळकतीचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा. पोरीने अंडी विकून एक डॉलर मिळवला तर त्यातले दहा सेंट बाजूला. महिन्याच्या पहिल्या रविवारी मोठी माणसे दोन वेळा जेवत नाहीत आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी देतात. आपल्याकडे उपास काही कमी होत नाहीत. पण उपासाने वाचलेला शिधा दुसऱ्याच्या चुलीपर्यंत पोचवण्याची ही रीत विचार करण्यासारखी आहे.

साठवणीची हौसही मोठी. तळघरात पीच आणि टोमॅटोच्या बरण्या, गव्हाचे डबे, घरी दळायची चक्की. यामागे एक जुनी कथा आहे. १८७६ साली ब्रिगहॅम यंगने गहू साठवायचे काम बायकांकडे दिले. पुरुषांना सांगून झाले होते, ते भाव आला की विकून टाकत. एमेलिन वेल्स या बाईंच्या पुढाकाराने बायकांनी शेतात सरवा वेचून, वर्गणी काढून कोठारे भरली. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला तेव्हा तेथे हा गहू गेला. १९१८ साली, पहिल्या महायुद्धात, त्यांनी सरकारला दोन लाख बुशेलहून जास्त म्हणजे सुमारे ५४ हजार क्विंटल गहू विकला. त्या पैशाच्या व्याजातून पुढे बाळंतिणी आणि तान्ह्या मुलांच्या आरोग्याची कामे झाली. आयांनी वेचलेली कणसे अशी पाळण्यापर्यंत पोचली.

बहुपत्नीत्वाचे काय, असा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. ती चाल या पंथात होती. १८९० साली ती बंद करण्याची घोषणा झाली आणि आज कोणी तसे केले तर त्याला पंथातून काढून टाकतात. फुटून निघालेले काही छोटे गट ती अजून पाळतात, पण त्यांचा या चर्चशी संबंध नाही.

तर मग सारे गोडच आहे का? नाही. घराला पहिला मान द्या म्हणणारे चर्चच घरधन्याला बिशप केले, की संध्याकाळमागून संध्याकाळ त्याला घराबाहेर ठेवते. मागे मुले सांभाळते ती आई. तिलाही चर्चचे बिनपगारी काम असतेच. वर फळे डबाबंद करणे, शिवण, शेजारच्या बाळंतिणीला जेवण पोचवणे. बायकांना तेथे पौरोहित्याचा अधिकार नाही. 'आदर्श आई' होता होता थकून गेलेल्या बायका त्या खोऱ्यातही आहेत.

त्याहून खोल दुःख वेगळे आहे. कुटुंब मरणानंतरही एकत्र राहते, अशी त्यांची श्रद्धा. त्यासाठी जोडप्याचा बंधनविधी मंदिरात व्हावा लागतो आणि मंदिरात प्रवेश फक्त नेम पाळणाऱ्या मोठ्या सभासदांना. मुलाने श्रद्धा सोडली, तर पुढे बहिणीच्या मंदिरातल्या लग्नात तो दाराबाहेर उभा. श्रद्धा न मानणाऱ्या आईबापांवरही तीच पाळी येते. जेथे घर इतके घट्ट विणले आहे तेथे एक धागा सुटला तरी जास्त दुखते. काही घरे अशा मुलाशी बोलणे तोडतात. काही घरे मात्र सोमवारी त्याचेही ताट मांडतात, प्रार्थनेचा आग्रह धरत नाहीत आणि लाह्यांचे भांडे त्याच्याकडे सरकवतात. अशा घरांतले मूल दूर गेले तरी वाट विसरत नाही.

आणि शेतीचे संकट तर आपल्यासारखेच. पाच मुलांत जमीन कशी वाटणार? लॉगन वाढते आहे, लसूणघासाच्या शेतांवर घरे उठत आहेत, लहान गोठे बंद पडत आहेत. बहुतेक मुले नोकरीला लागतील. कोंबड्या सांभाळणारी ती मुलगी शेतकरीण होईलच असे नाही, हे तिच्या आईला ठाऊक आहे. तरी ती रोज सकाळी मुलीच्या हातात अंड्यांची टोपली देते.

वाचकहो, त्यांचा धर्म त्यांच्यापाशी, आपला आपल्यापाशी. पण संध्याकाळी गोठ्यातून येऊन आपणही घरातच असतो. बाप मोबाइलवर, आई चुलीपाशी, पोरे दूरदर्शनपुढे. आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून टाकायला पैसा लागत नाही. वार कोणताही धरा. भजन म्हणा, गोष्ट सांगा, शेंगा भाजा. धाकट्यालाही एक काम द्या आणि ते त्याने चुकतमाकत केले तरी हातातून काढून घेऊ नका. पहिल्या दोनचार वेळा गोंधळच होईल. तो होऊ द्या आणि पुढच्या आठवड्यात त्याच वाराला पुन्हा बसा.