रांग कोणाच्या वाट्याची?

आषाढीच्या बारीत पंधरा-वीस तास उभ्या राहणाऱ्या वारकऱ्याला रांगेविषयी काही सांगायला जाणे म्हणजे चंद्रभागेकाठच्या माणसाला वाळवंट दाखवण्यासारखे आहे. तरी आज रांगेविषयीच लिहितो आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आता परदेशी आहेत. आपण त्यांच्याकडे जातो, सुट्टीत ती आपल्याला तिथल्या मोठमोठ्या खेळांच्या बागा दाखवायला नेतात, आणि आदल्या रात्री विचारतात, ‘बाबा, रांग टाळायचा पास घेऊ का? पैसे बरेच पडतात.’ माळकरी माणूस यावर काय सांगणार? ‘तुमचे तुम्ही बघा’ म्हणून सुटता येते. पण नातवंडे ऐकत असतात, आणि आपण काय म्हणतो ते त्यांच्या लक्षात राहते.

मागच्या डिसेंबरात आम्ही दोघे मुलाकडे अमेरिकेत होतो. नाताळच्या सुट्टीत त्याने फ्लोरिडातले ऑर्लँडोजवळचे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड दाखवायचे ठरवले. मुलगा, सूनबाई, आठ वर्षांचा नातू, पाच वर्षांची नात आणि आम्ही दोघे, अशी सहा जणांची आमची दिंडी. मुक्काम दोन दिवसांचा. नाताळचा आठवडा म्हणजे तिथली आषाढीच.

या पासाचा इतिहास मुलाने सांगितला, तो ऐकण्यासारखा आहे. १९९९ साली तिथे ‘फास्टपास’ सुरू झाला. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, तिच्यावर वेळ छापलेली असे, त्या वेळेला यायचे आणि थोडक्यात आत जायचे. त्याला वेगळे पैसे पडत नसत. दारातले तिकीट काढलेल्या प्रत्येकाला ती चिठ्ठी मिळे. करोनाच्या काळात ती सोय थांबली, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्या जागी पैशाची सोय आली. सुरुवातीला माणशी दिवसाला १५ डॉलर. पुढे गर्दी पाहून दर बदलू लागला. २०२४ मध्ये आणखी एक पास निघाला. तो घेतला की आधी वेळ ठरवण्याचेही कारण नाही, हवे तेव्हा जावे. गर्दीच्या दिवसांत त्याची किंमत माणशी ४०० डॉलरच्या वर जाते, आणि दारातले तिकीट वेगळेच.

आम्ही अर्थातच त्या मोठ्या पासाचा विचार केला नाही. साधा पास सहा जणांचा मिळून दोनशे डॉलरच्या आसपास, म्हणजे सतरा हजार रुपये होत होता. मी मनात हिशेब केला, एवढ्या पैशात आमच्या दिंडीतल्या चार जणांची भिशी भरून झाली असती. मुलाच्या ते लक्षात आले असावे. तो म्हणाला, ‘बाबा, आईचे गुडघे बघा. दिवसभर उभी राहणार आहे का ती?’ सौ. गप्प होती. तिने गेली नऊ वर्षे पायी वारी केलेली नाही, ती गुडघ्यांमुळेच. पहिल्या दिवशी पास घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी नाही, असे ठरले.

पहिला दिवस चांगला गेला, हे आधी सांगतो. जिथे पाटीवर सत्तर-ऐंशी मिनिटे लिहिलेली होती तिथे आम्ही दहा-पंधरा मिनिटांत आत गेलो. मुलांनी पाहायचे ते सगळे पाहिले. सौ.चे गुडघे संध्याकाळपर्यंत टिकले. पण त्या दिवशी मुलाचे डोके फोनमधून वर आले नाही. एक खेळ झाला की पुढच्याची वेळ फोनवर धरायची, ती वेळ बागेच्या दुसऱ्या टोकाला असली तर सगळ्यांनी पळायचे. जेवणसुद्धा घड्याळाकडे बघत झाले. रांगेत थांबणे कमी झाले होते, पण वाट पाहणे काही कमी झाले नव्हते. दिवसभर आम्ही पुढच्या वेळेचीच वाट पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी दार उघडण्याआधीच जाऊन उभे राहिलो. हे मात्र तिकडे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. पहिल्या तासात आणि बाग बंद व्हायच्या सुमारास रांगा बऱ्याच लहान असतात, आणि ही सोय फुकट आहे. तान्हे मूल बरोबर असले तर आई-वडिलांपैकी एकाने मुलाजवळ थांबावे, दुसऱ्याने जाऊन यावे, मग थांबलेल्याने पुन्हा सगळी रांग न लावता जावे, अशीही सोय तिथे आहे. तिचे पैसे पडत नाहीत. सकाळचे दोन-तीन खेळ आम्ही असेच सहज केले. मग नातीला पीटर पॅनच्या उडत्या होडीत बसायचे होते. पाटीवर पंचाहत्तर मिनिटे होती, आणि होडीतली फेरी तीनेक मिनिटांची. सौ. बाहेर बाकावर जपमाळ घेऊन बसली. सूनबाई तिच्या सोबतीला थांबली. मुलगा, दोन्ही मुले आणि मी रांगेत लागलो.

त्या बागेत रांगा दोन असतात. एक साधी आणि एक पासवाल्यांची. आत जायच्या तोंडाशी दोन्ही एकत्र येतात. तिथे कर्मचारी उभा असतो, तो पासवाल्यांना बरेचसे सोडतो आणि मग साध्या रांगेतल्या थोड्यांना. होड्या तेवढ्याच, तासाला जाणारी माणसे तेवढीच. नातू बराच वेळ ते बघत होता. त्याने विचारले, ‘आजोबा, ती माणसे पुढे का जातात?’

म्हटले, ‘त्यांनी पैसे भरलेत.’

‘मग काल आपण पुढे जात होतो, तेव्हा ही माणसे मागे थांबली होती?’

आठ वर्षांच्या पोराने सगळा व्यवहार एका वाक्यात मांडला. पैसे भरल्याने रांग संपत नाही, ती दुसऱ्याच्या वाट्याला जाते. माझी वाचलेली साठ मिनिटे कुणीतरी एक-एक दोन-दोन मिनिटे करून भरलेली असतात. तो कोण, हे मला दिसत नाही, म्हणून ते सोपे जाते. आणि सगळ्यांनीच पास घेतला तर पासाची रांगही लांबते. म्हणून दर वाढवावा लागतो. जे विकले जात आहे, त्याला किंमतच मुळी दुसरा मागे राहतो म्हणून आहे.

नातवाने मग पुढचा प्रश्न विचारला, ‘विठोबाकडे असा पास असतो का?’ त्याला मी पंढरपूरची गोष्ट सांगितली. आषाढीला पहाटे मुख्यमंत्री महापूजा करतात. त्यांच्या शेजारी बसायचा मान त्या वेळी दर्शनबारीत सर्वांत पुढे असलेल्या वारकरी जोडप्याला मिळतो. ते दोघे कुठल्या गावचे, किती शेत, किती शिकलेले, हे कुणी आधी विचारत नाही. ते रांगेतून तिथवर आले, एवढेच पुरते. आणि वारीत गर्दी वाढली की देवाचा पलंग काढतात. म्हणजे देव झोपतच नाही, दर्शन रात्रंदिवस चालू राहते. नातू हसून म्हणाला, ‘म्हणजे देव ओव्हरटाइम करतो!’ मीही हसलो. पण विचार केला तर खरेच आहे. गर्दी वाढली की एका ठिकाणी पुढची जागा विकायला निघते, आणि दुसऱ्या ठिकाणी देवाच्या नावाने सर्वांसाठी दार जास्त वेळ उघडे ठेवतात.

आपल्याकडे सारे निर्मळ आहे, असे मात्र मी त्याला सांगितले नाही. तिरुमलाला तीनशे रुपयांचे विशेष दर्शन आहे, आणि आपल्या राज्यातल्या मोठ्या देवस्थानांतूनही पैसे भरून लवकर दर्शन मिळते. त्या पैशातून अन्नछत्रे चालतात, इमारती उभ्या राहतात, असे सांगतात, तेही असेल. पण आपण वारकऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. पंढरीची एक रांग आपल्याला सहज मिळालेली नाही. चोखोबांना त्या रांगेत उभे राहण्याचीच मुभा नव्हती. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा ते दार सर्वांना उघडले. सर्वांना एका रांगेत उभे राहता येणे, हेच इतक्या शतकांनी मिळालेले धन आहे. ते पुन्हा ऐपतीप्रमाणे वाटून टाकायचे का, हा प्रश्न बागेतल्या पासापेक्षा फार मोठा आहे. बागेत माणूस करमणूक विकत घेतो, तिथे दर असणारच. देवाच्या दारी तो दर घेऊन जाऊ नये.

मग ज्याला उभे राहवत नाही त्याने काय करायचे? आपल्या परंपरेने याचे उत्तर कधीच देऊन ठेवले आहे. पदस्पर्श होत नसेल तर मुखदर्शन घ्यावे. तेही जमत नसेल तर नामदेव पायरीला माथा टेकवावा, कळसाला हात जोडावे, आणि वारी पोचली म्हणावे. सौ. गेली नऊ वर्षे गाडीने पंढरपूरला येते आणि कळसाचे दर्शन घेऊन परतते. तिची वारी उणी आहे, असे आमच्या दिंडीत कुणी म्हणत नाही. या दर्शनासाठी कुणाला मागे सारावे लागत नाही.

पंचाहत्तर मिनिटांची ती रांग प्रत्यक्षात नव्वद मिनिटांची झाली. तासाभराने मुले भिंतीवरची चित्रे बघण्यात रमली. मुलाचा फोन खिशात होता, कारण त्या दिवशी धरायची वेळच नव्हती. थोडा वेळ तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘बाबा, कंपनीत माणसे कमी करताहेत. माझेही नाव असेल, असे वाटते. आईला सांगू नका.’ नोकरी गेली तर तिथे राहण्याची परवानगीही थोड्या दिवसांची उरते, हे मला तेव्हा कळले. सहा महिने तो हे मनात घेऊन हिंडत होता. घरी आमच्यासमोर जेवायला बसत होता, आदल्या दिवशी आमच्याबरोबर पळत होता. बोलायला त्याला ही नव्वद मिनिटे लागली. मी काही उपाय सांगू शकलो नाही. एवढेच म्हटले, ‘गावचे घर आहे, दोन एकर आहे, आणि आम्ही आहोत.’ त्याने मान हलवली. मग होडी आली.

तर पास घ्यावा की नाही? आईचे गुडघे दुखतात म्हणून मुलगा पैसे मोजत असेल, तर खुशाल मोजू द्यावे. आई-बापांच्या सेवेत असलेल्या पुंडलिकाने देवालाच वीट देऊन थांबवले, आणि देव थांबला. सेवेसाठी रांग टाळणे हा त्याच घरचा न्याय आहे. आयुष्यात एकदाच जाणे होणार असेल, मुले लहान असतील, गाठीला पैसा असेल, तर एका दिवसाचा पास वावगा नाही. फक्त आपल्याला मिळालेला वेळ दुसऱ्याच्या वाट्याचा आहे, हे मुलांना सांगावे, आणि जो पुढे जाऊ देतो त्याच्याकडे बघून नमस्कार करायला शिकवावे. पण सगळे दिवस विकत घेऊ नयेत. एक रांग फोन खिशात ठेवून पुरती लावावी.

मुलाची नोकरी अजून आहे, पण टांगती आहे. पुढच्या आषाढीला सुट्टी मिळाली तर बारीत उभा राहीन म्हणतो, नातवाला घेऊन. मी त्याला म्हटले, सुट्टी मिळाली नाही, तरी कळस आहेच.

रामकृष्ण हरी.