एकच फळी

गावचं घर उतरवलं तेव्हा सागवानाची एक फळी मी मागून घेतली. सध्या वीकेंडला तिची आईसाठी पेटी करतोय, कोपरे डव्हटेलचे. म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे, टोकाकडे रुंद होणारे दाते. ओढलं तरी सुटत नाहीत. खिळा नको, थोडा फेविकॉल पुरतो. कठीण लाकडात उतार साधारण १:८, मऊ असेल तर १:६.

आधी शेपट्या कापायच्या आणि त्याच दुसऱ्या तुकड्याच्या टोकावर ठेवून सुरीने आखायचं. मोजपट्टी इथे कुचकामी! करवत रेषेच्या टाकाऊ बाजूने चालवायची, उरलेलं पटाशीने, दोन्हीकडून अर्धं अर्धं. ऑफिसात बिघडलं तर जुनं व्हर्जन परत आणता येतं हो, इथे दुसरी फळीच नाही.

असो. तीन कोपरे बसलेत. चौथा उद्या, उजेडात.