बाबासाहेबही सहलीला गेले होते

दिवाळीच्या सुटीत देवणीहून आई, पत्नी आणि दोन लेकरांना घेऊन दौलताबाद-वेरूळ फिरून आलो. फोटो पाहून चळवळीतल्या एका मित्रानं विचारलं, "समाजावर अत्याचार होत असताना तुम्हाला सहली कशा सुचतात?" प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

1934 साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनीच बाबासाहेबांकडे सहलीची इच्छा व्यक्त केली. तीसेक जण वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबाद. तिथं आपली माणसं चहा-फराळाची तयारी करून थांबली होती. पण अंधार पडायच्या आत किल्ला पाहायचा, म्हणून चहा परतताना घ्यायचं ठरलं. किल्ल्याबाहेरच्या पाण्यावर त्यांनी धुळीनं माखलेले हातपाय धुतले आणि पाणी बाटवलं म्हणून जमाव शिव्या देत धावून आला. शेवटी त्यांना आत सोडलं ते पाण्याला हात न लावण्याच्या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन.

'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी हे स्वतः लिहिलं आहे. तो जमाव मुसलमानांचा होता, एवढंच सांगून आज काही लोक या प्रसंगाचा वापर द्वेषासाठी करतात. बडोद्यात पारशी सराईतून हाकलल्याचा अनुभवही त्याच लिखाणात आहे, हे ते सांगत नाहीत. जातीचा रोग सगळ्या धर्मांत शिरला, हा बाबासाहेबांचा मुद्दा आहे.

त्याच किल्ल्यावर माझ्या लेकीनं पाण्याची बाटली भरून घेतली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. हे विशेष न वाटणं फुकट मिळालेलं नाही, ते तिला तिथंच बसून सांगितलं.

आईनं आजवर गाव सोडलं ते ऊसतोडीला आणि 6 डिसेंबरला. नुसतं पाहायला म्हणून हा तिचा पहिलाच प्रवास. तिनं ज्वारीची भाकरी, धपाटे, ठेचा, शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. तिच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आपल्यासाठी कपबशी वेगळी असायची, त्यामुळे बाहेर निघताना भाकरी बांधणं ही तिची सवयच. आम्ही रस्त्यावर सीताफळं घेतली, औरंगाबादला नान-खलिया खाल्ला. आई म्हणाली, "रस्सा झणझणीत हाय, पण आपल्या येसराची चव न्यारी."

खाण्याचं कौतुकही सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म'मध्ये मराठवाड्यातल्या दलितांच्या ताटाची नोंद केली. 'मराठवाडी थाळी'च्या जाहिरातीत ते ताट नसतं. आमच्या लातूर जिल्ह्यात येळवसला अख्खं गाव भज्जी-आंबील घेऊन शेतात जेवायला जातं. ज्यांना शेतच नाही, ते कुणाच्या तरी बोलावण्याची वाट पाहतात.

वेरूळला बरेच लोक 16 नंबरचं कैलास पाहून परततात. 1 ते 12 ही बौद्ध लेणी. 10 नंबरच्या चैत्यात बुद्धमूर्तीसमोर आम्ही त्रिसरण-पंचशील घेतलं. मग 5 नंबर. लांबलचक दालन, मधोमध बुटक्या दगडी बाकांच्या दोन रांगा. भिक्खू इथं जेवायला किंवा अध्ययनाला बसत असावेत, असं अभ्यासक मानतात. संघात बसण्याचा मान जातीवर नव्हता, उपसंपदा आधी कुणाची झाली यावर होता. अशा या दालनाचं लोकांतलं जुनं नाव आहे 'महारवाडा'. पावसाळ्यात आसपासचे महार इथं आसरा घेत, म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. गावानं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं, त्यांना बुद्धाच्या लेण्यानं छप्पर दिलं. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्या बाकावर आईशेजारी बसणं वेगळं.

दौलताबादच्या अपमानानंतर 16 वर्षांनी, 1950 मध्ये, बाबासाहेबांनी त्याच औरंगाबादेत महाविद्यालय उभं केलं. तेच आजचं मिलिंद. परतताना नागसेनवनही लेकरांना दाखवलं.

अत्याचाराविरुद्ध रस्त्यावर उतरायचंच आहे. पण आपल्या माणसांनी फक्त मोर्चासाठी आणि मजुरीसाठीच घर सोडावं, हा नियम कुणाचा? म्हणून तरुणांनो, वर्षातून एकदा आईबापाला घेऊन निघा. वस्तीतल्या ज्या लेकरांना गाडीभाडं परवडत नाही, त्यातली दोन सोबत घ्या. वेरूळला गेलात तर 1 नंबरपासून सुरुवात करा आणि भाकरी सोडून सगळे मिळून जेवा.

जय भीम.