पोटखराब्यातील तित्तिर

वेताळ टेकडीवर प्रातःकाळी फिरावयास जाणाऱ्या पुणेकराच्या कानी पडणारी तित्तिराची खणखणीत हाक ही वस्तुतः टेकडीइतकीच शेताचीही आहे; कारण हा पक्षी दाट अरण्यात कधी रमला नाही, ज्वारी-बाजरीच्या रानालगतचा माळ, गवताळ बांध आणि बोरी-बाभळींची जाळी हेच त्याचे पिढीजात वतन. एके काळी त्याच्यावर बंदुका चालत, फासे लागत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस लगाम घातला आणि 1991 च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेही संपले. परंतु बंदुकीतून सुटलेला पक्षी नांगरातून सुटला असे मात्र झाले नाही.

ज्या पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1836 च्या सुमारास नव्या जमाबंदीचा पाया घातला, त्याच जिल्ह्याच्या सातबाऱ्यांवर आजही लागवडीस अयोग्य तुकडा ‘पोटखराबा’ म्हणून नोंदलेला आढळतो. शेतकऱ्यास ज्यातून पीक नाही आणि सरकारास ज्यातून सारा नाही, अशा त्या ओघळीत, दगडगोट्यांत आणि कुसळी गवतात तित्तिर जमिनीवरच अंडी घालतो, आणि पावसाळ्यात लावाही तेथेच दडतो. आता यंत्र आणून तो तुकडा सपाट केला जातो, बांध तर नांगराच्या फाळाने दरसाल कोरला जातो. (भाऊबंदांत हातभर बांधासाठी दिवाणी दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात, त्यात पक्ष्याची बाजू मांडणारा वकील अद्याप कोणी पाहिलेला नाही.)

तथापि माझ्या मते याहून घातक आहे ते तणनाशक. तित्तिराची पिले आरंभी दाण्यांवर नव्हे, तर मुख्यतः किड्यामुंग्यांवर वाढतात. इंग्लंडातील ससेक्स परगण्यात डिक पॉट्स यांनी 1968 पासून तेथील तित्तिरांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यातून हेच निष्पन्न झाले की तण मेले की त्यावरील किडे मरतात, आणि किड्यांवाचून पिले दगावतात. उलट पिकाची कड फवारणीवाचून सोडली की पिले अधिक जगतात.

पुण्यात बिऱ्हाड आणि पुरंदर-दौंडकडे सातबाऱ्यावर नाव अशी स्थिती असलेले वाचक थोडे नसतील. त्यांनी आपल्या वाटेकऱ्यास एवढेच सांगावे: उन्हाळ्यात बांध पेटवू नये, बांधावरील गवत दसऱ्यानंतरच कापावे, आणि शेताच्या कडेने चार हात पट्टा फवारणीतून वगळावा.