देश पाहण्याचा कार्यक्रम

मुलगी पाहून परतलेली मंडळी मुलीपेक्षा पोह्यांविषयीच अधिक बोलतात, असा माझा अनुभव आहे. त्यात त्यांचा दोष नाही. पोहे त्यांनी खाल्लेले असतात; मुलगी मात्र पंधरा मिनिटे खाली मान घालून बसलेली असते. ज्याची चव घेतली त्याविषयीच माणूस अधिकाराने बोलणार! ‘देश आधी पाहून या आणि मग बिऱ्हाड हलवा’ असा सल्ला आम्हांला चहूकडून मिळू लागला, तेव्हा मला हे पोहे आठवले.

सल्ल्याचे कारण असे, की माझ्या पत्नीला मॉरिशसमधल्या एका खाजगी शाळेने गणित शिकवायला बोलावले. करार दोन वर्षांचा आणि नेमणूक येत्या जानेवारीपासून, कारण तिथले शालेय वर्ष जानेवारीतच सुरू होते. मीही शिक्षकच, पण मराठीचा. वर कादंबऱ्या लिहितो. म्हणजे माझ्या दोन्ही धंद्यांचे भांडवल एकच, आजूबाजूला बोलली जाणारी मराठी. ते सोडून बेटावर जायचे म्हणजे उत्तनच्या कोळ्याने जाळे खांद्यावर टाकून घाटावर राहायला जाण्यासारखेच!

असा कार्यक्रम आमच्या घरात पूर्वी एकदा झाला होता. 1986 साली गिरगावातली चाळ सोडण्यापूर्वी वडील भाईंदर पाहायला आले. महिना फेब्रुवारीचा, दिवस रविवारचा. गाडीत खिडकी मिळाली, खाडीवरून गार वारा आला, मिठागरांतले पांढरे ढीग उन्हात चमकताना दिसले. खाडीपलीकडे वसई, चिमाजी अप्पांनी 1739 साली घेतलेली. वडिलांना इतिहासाचे वेड. त्यांनी त्याच दिवशी बयाणा देऊन टाकला. सोमवारची सकाळची गाडी, जुलैतला चिखल आणि पाण्याच्या टँकरपुढची रांग या गोष्टी त्यांना मागाहून भेटल्या. त्या रांगेत आई कित्येक वर्षे उभी राहिली. गाव पाहतात रविवारी, राहायचे असते सोमवारी, हे शहाणपण आमच्या घरात तेव्हापासून आहे.

म्हणून मे महिन्याच्या सुटीत आठ दिवसांसाठी आम्ही निघालो ते सोमवार पाहायचा असे ठरवूनच. मुंबईहून विमानाने सहाएक तास. घड्याळ दीड तास मागे घ्यायचे. पहिल्या दिवशी समुद्र पाहिला आणि बाजूला ठेवला. समुद्र हे त्या देशाचे पोहे! मग भाजीबाजार पाहिला, दवाखाना पाहिला, दोन घरांची भाडी विचारली. सकाळच्या गर्दीत बसने शाळेपर्यंत गेलो. तिथे सरकारी कागद इंग्रजीत, वर्तमानपत्रे बहुतेक फ्रेंचमध्ये आणि बसमधली भांडणे क्रिओलमध्ये. रस्त्यावर डाळपुरी मिळते, तीही जोडीने. पुरणपोळीतला गूळ काढून घेऊन तिला चटणीच्या हवाली करावे तशी तिची चव. शाळेत पत्नी मुख्याध्यापकांना भेटली, पण मधल्या सुटीत जाऊन बसली ती शिक्षकांच्या खोलीत. तास किती, वह्या घरी न्याव्या लागतात का, पगार कितव्या तारखेला होतो, हे सारे तिने तिथेच विचारून घेतले. शाळा कशी आहे हे मुख्याध्यापकांच्या खोलीत कधीच कळत नाही. मी बावीस वर्षे नोकरी केली आहे.

पोर्ट लुईच्या बंदरावर आप्रवासी घाट आहे. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून 36 मजूर कलकत्त्याहून या बंदरात आले. पुढे 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे उसाच्या मळ्यांसाठी इथे आणली गेली. त्यांत रत्नागिरीकडची आपली माणसेही होती. घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या शिल्लक आहेत. त्या पायऱ्या चढलेल्यांपैकी कोणाला आधी आठ दिवस देश पाहून येण्याची सोय होती? परत जाण्याचे तिकीट खिशात ठेवून तिथे उभे राहताना मला संकोच वाटला.

कास्कावेल गावात मराठी घरे आहेत. तिथल्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांला आग्रहाने घरी नेले. घरात नातवंडे क्रिओल बोलत होती. आजोबांची मराठी हळू आणि अडखळत येई, पण त्यांना झाकरीची गाणी पाठ होती. आपल्या कोकणातली जाखडी तिथे झाकरी झाली आहे. गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते आणि शाळांतून मराठीही शिकवतात. मी माझ्या धंद्यातला प्रश्न विचारला, “मुलांना मराठीचा उपयोग काय होतो?”

“उपयोगाला फ्रेंच आहे,” आजोबा म्हणाले, “ही आपली आहे.”

भाईंदरला आमच्या गल्लीत मराठी कानावर पडण्यासाठी मला हल्ली चार दुकाने ओलांडावी लागतात. तरी माझे लिहिणे थांबलेले नाही. मग भांडवल बुडण्याचा एवढा धाक मी का घेतला होता, हे मला त्या ओसरीवर बसून नीटसे सांगता येईना.

परतल्यावर आईने समुद्राविषयी काही विचारले नाही. सुनेला म्हणाली, “काय गं, नळाला पाणी किती वाजता येतं?”

“दिवसभर असतं, आई.”

आई बराच वेळ गप्प राहिली. आमचे जाणे नक्की झाले, हे मला तेव्हाच कळले. तिने मात्र बरोबर यायला साफ नकार दिला. तिच्या गुडघ्यांची, औषधांची, शेजारच्या मावशींवर सोपवायच्या किल्लीची चर्चा गणपतीपासून रोज चालू आहे आणि तिचा निकाल लागलेला नाही. डिसेंबरच्या अखेरीस आम्ही निघू. काल फराळाचे डबे भरता भरता तिने आपली अट सांगितली.

“आधी तुम्ही एक पावसाळा राहून घ्या. मग मी आठ दिवस येऊन बघेन. आणि हो, रविवारी यायची नाही!”