रठी

श्रावणातल्या सोमवारी लॅपटॉप दिवसभरात तिसऱ्यांदा बंद पडला, तेव्हा मी दिवाळी अंकाच्या पान 47 वर होते. पंखा घरघरत होता, तो अचानक थांबला आणि पडदा काळा झाला. हात लावला तर बूड तव्यासारखं तापलेलं. माझं टेबल स्वयंपाकघराच्या दाराशीच आहे आणि आत त्या वेळी खरोखरच तवा तापत होता, त्यामुळे ही उपमा मला शोधावी लागली नाही.

मी डीटीपी करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, एखाद-दुसरा दिवाळी अंक. लॅपटॉप 2013चा. ‘अगं, नवा घे ना आता,’ असं घरात येणारा प्रत्येक माणूस सांगतो. नवा घेता येईल, पण त्यावर माझं काम चालणार नाही. माझी वीस वर्षांची पानं पेजमेकरमध्ये आहेत आणि पेजमेकरची शेवटची आवृत्ती आली 2001 मध्ये. मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फाँटांत आहे. युनिकोडच्या आधीचा तो कारभार असा होता की फाइलीत असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फाँट त्यांच्या जागी मराठी वळणं दाखवायचा. फाँट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की वधू-वरांच्या नावांच्या जागी कंस, टक्के आणि डॉलर. तेव्हा जुनं विंडोज 7, लॅपटॉपच्या कुशीत कायम खोचलेलं श्रीलिपीचं लॉक आणि मी, असा आमचा तिघांचा संसार आहे. विंडोज 7ची देखभाल 14 जानेवारी 2020ला थांबली, म्हणून मी हा लॅपटॉप नेटला जोडतच नाही. फाइल पेनड्राइव्हवर येते आणि पेनड्राइव्हवरच जाते.

एका दुकानात दाखवला. तिथल्या मुलाने तो कानाशी धरला, थोडा हलवला आणि म्हणाला, “मॅडम, बोर्ड गेलाय. यात पैसे घालू नका.” झाकण उघडायचीही तसदी घेतली नाही. बोर्ड गेलेला लॅपटॉप रोज सकाळी तीन तास व्यवस्थित कसा चालतो, हे विचारायचं मला रिक्षात बसल्यावर सुचलं.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास सुट्या भागांची दुकानं आहेत. तिथल्या एका काकांनी मात्र नीट विचारपूस केली. गरम कधी होतो, आवाज कसला येतो, टक-टक येतो का. येत होता. “टक-टक हार्ड डिस्कची. ती आधी बदला, ती गेली तर सगळंच जाईल. बंद पडतो तो धुळीनं. पंखा फिरतोय ना? मग पंखा विकत घेऊ नका, साफ करा.” मी म्हटलं, रॅमही वाढवून टाकते. त्यांनी विचारलं, विंडोज 32 बिटचं का? हो. “मग राहू द्या. ते चार जीबीच्या पुढं बघतच नाही. आठ घातली तर चार नुसती बसून राहील.” विकायला बसलेला माणूस विकू नये असं सांगतो तेव्हा त्याचं बाकीचं सगळं ऐकावंसं वाटतं. 240 जीबीची एसएसडी, ती यूएसबीला जोडायची एक केबल, पेस्टची छोटी सिरिंज, आयपीए म्हणजे साफ करायच्या अल्कोहोलची बाटली आणि बारीक तोंडाचा एक चांगला स्क्रू ड्रायव्हर घेतला. निघताना म्हणाले, “सुती कपडे घाला ताई, आणि हात लावायच्या आधी नळाला हात लावा.” कपड्यांच्या घासण्याने अंगावर साठलेली वीज एका स्पर्शात चिप मारू शकते. पावसाळ्यात हवा ओलसर असते, त्यामुळे भीती कमी. तरी मी त्या दिवशी नळाला इतक्या वेळा हात लावला की सासूबाईंनी विचारलं, पाणी गेलंय का.

सोमवारी रात्री जुन्या डिस्कची नक्कल एसएसडीवर चालू केली आणि टेबल फॅन लॅपटॉपच्या बुडाशी लावून ठेवला. पडद्यावर टक्के सरकत होते, मी अंथरुणात. 61 टक्क्यांवर ती टक-टक सुरू झाली आणि मी उठून बसले. डिस्कमध्ये एक तबकडी मिनिटाला 5400 फेरे घेत असते आणि तिच्यावर केसापेक्षाही कमी अंतरावरून एक सुई फिरते, हे मला माहीत होतं. माहीत नसतं तर झोप लागली असती. पहाटे साडेचारला नक्कल पुरी झाली.

मंगळवारी जेवणं आटोपल्यावर टेबल पुसलं, जुनी चादर अंथरली. व्हिडिओत एक माणूस हाच लॅपटॉप उघडून दाखवतो. ‘आता कीबोर्ड काढा,’ म्हणतो आणि पुढच्या क्षणी कीबोर्ड त्याच्या हातात असतो. मधली वीस मिनिटं त्याने कापलेली असतात, आणि आपल्याला हवी असतात नेमकी तीच.

बॅटरीचे दोन खटके सरकवून ती आधी काढली. मग चालू करायचं बटण पंधरा सेकंद दाबून धरलं, आत उरलीसुरली वीज असेल ती जावी म्हणून. पाठीवर नऊ स्क्रू दिसत होते, पण दिसतात तेवढेच नसतात. दोन रबरी पायांखाली लपलेले, तीन डीव्हीडीचा ट्रे ओढून काढल्यावर त्या फटीत. सगळ्यांची लांबी वेगळी. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर तो वरच्या बाजूने प्लॅस्टिक फोडून बाहेर येतो किंवा बोर्डात घुसतो. मी त्यांना कागदावर ओळीने मांडायला लागले, तेवढ्यात वरच्या पंख्याने कागद उचलला.

“थांब गं,” सासूबाई म्हणाल्या. मिसळणाचा डबा त्यांनी घासायला काढलाच होता. मोहरी, जिरं, हळद, मेथी सगळं वाट्यांतून ताटल्यांमध्ये ओतून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मांडलेलं. त्यांनी डबा फडक्याने पुसून माझ्यासमोर ठेवला. सात वाट्या. “पहिली वाटी पहिल्यांदा निघालेल्याची, शेवटची शेवटच्याची. लावताना उलटं यायचं.” त्यांनी आयुष्यात लॅपटॉप उघडलेला नाही, पण शिलाई मशीन त्या दर दसऱ्याला उघडतात. मी मोजत गेले. शेवटी 26 स्क्रू झाले, आणि मधल्या वाटीतले चार जरा पिवळे.

कीबोर्ड वरच्या कडेने उचकटायला जुनं एटीएम कार्ड वापरलं. खाचेत घालून सरकवलं की कट्, कट् असा आवाज येत एकेक आकडा सुटतो. प्रत्येक ‘कट्’च्या वेळी वाटतं, मोडलं. कीबोर्ड उलटा झाला तेव्हा त्याला बोर्डाशी जोडणारी बोटभर रुंदीची पातळ, लवचीक पट्टी दिसली. ती ज्या खाचेत जाते तिला एक काळी दांडी असते, तीच तिचं लॉक. ती नखाने वर उचलायची, मग पट्टी आपोआप सुटते. मी उचलली. एका टोकाला फार बारीक, टिचकी मारल्यासारखा आवाज आला. आकड्यांचाच आवाज असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

पंखा बोर्डाच्या खालच्या अंगाला, म्हणजे सगळ्यात शेवटी. बोर्ड उलटून पंख्याचं झाकण काढलं आणि आम्ही दोघीही काही वेळ बघतच राहिलो. पंख्याची हवा ज्या तांब्याच्या पातळ पात्यांमधून बाहेर जायची, त्यांच्या तोंडावर धुळीची एक अख्खी पट्टी बसली होती. करडी, दाट, गोधडीच्या आतल्या थरासारखी. चिमट्याने धरली तर तुटली नाही, एकसंध निघाली. तिच्यात माझे लांब केस होते, पंख्याच्या आसाभोवती वळ पडलेले. फोडणीच्या तेलकट वाफेने सगळं एकमेकांना चिकटवलं होतं. माझ्या खुर्चीच्या मागे दहा वर्षांत झालेली प्रत्येक फोडणी त्या पट्टीत होती. “म्हणजे हा माझ्यामुळे बंद पडतोय,” सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, केस माझे आहेत.

प्रोसेसरवरची जुनी पेस्ट वाळून पानाच्या चुन्याची डबी उघडी राहिल्यावर चुन्याचं होतं तशी झाली होती. चिप आणि तांब्याची पट्टी वरवर सपाट दिसतात, पण त्यांच्यात बारीक फटी उरतात, आणि फटीतली हवा उष्णता पुढे जाऊ देत नाही. पेस्टचं काम त्या फटी बुजवायचं. आयपीएने दोन्हीकडचं पुसून काढलं आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे मधोमध साबुदाण्याएवढा थेंब ठेवला. भिजवलेला की कोरडा, हे विचारायचं राहिलं होतं. मी कोरडा धरला. वरच्या स्क्रूंशेजारी 1, 2, 3, 4 असे आकडे कोरलेले असतात. त्याच क्रमाने, आणि एकेक पूर्ण न आवळता थोडं-थोडं पिळत गेले.

एसएसडी बसवणं हे या सगळ्यातलं सर्वांत सोपं काम निघालं. जुन्या डिस्कची चौकट काढली, चार स्क्रू, नवी घातली, सरकवली. दोन मिनिटं. ज्याची रात्रभर धास्ती घेतली ते असं उरकलं.

संध्याकाळी साडेसहाला बॅटरी लावून बटण दाबलं. विंडोज उघडायला पूर्वी चहा करून प्यायला जायचा तेवढा वेळ लागायचा, आता गाळणं हातात घेईपर्यंत पडदा तयार. अर्धा तास कामाला लावला तरी तापमान 60च्या आत; सोमवारी ते 95वर जात होतं. मी पान उघडलं आणि मजकूर दुरुस्त करायला घेतला. वाक्यात ‘मराठी’ शब्द होता. टाइप केला. पडद्यावर आलं : रठी.

पुन्हा टाइप केला. रठी.

“हे काय, गावाचं नाव?” सासूबाईंनी चष्म्यातून वाकून पाहिलं.

मी इनस्क्रिप्टने टाइप करते. त्यात म हा सी वर, काना ई वर आणि हलन्त डी वर. तिन्ही मेलेल्या. वरच्या ओळीतला 3 सुद्धा. शिफ्ट धरून येणारे अ, आ, ण सगळे गेले. म नाही, काना नाही आणि जोडाक्षर नाही, अशी मराठी. ‘महाराष्ट्र’ टाइप करून बघितला : हरषटर. आम्ही दोघी हसलो, पण उद्या दुपारी चारला प्रेसला पानं द्यायची होती.

या चार कळा एकाच रांगेत एकाखाली एक का गेल्या, ते डोक्यात आलं तेव्हा थोडा धीर वाटला. कीबोर्डच्या प्रत्येक कळीला स्वतंत्र तार नसते. आडव्या आणि उभ्या तारांची जाळी असते आणि कळ दाबली की एक आडवी एका उभीला मिळते. आमच्या इमारतीत वरच्या टाकीतून एक उभा पाइप खाली येतो आणि चारही मजल्यांची एका बाजूची स्वयंपाकघरं त्यावर असतात. तो चोंदला की चौघींच्या घरी एकाच वेळी नळ कोरडे. इथेही तेच : 3, ई, डी, सी एका पाइपावर. कळा शाबूत होत्या, त्यांचा पाइप कुठेतरी सुटला होता. आणि तो कुठे सुटला असणार, हे मला दुपारच्या त्या बारीक आवाजापासून माहीत होतं.

जेवणं झाल्यावर पुन्हा बॅटरी, पुन्हा कीबोर्डाखालचे स्क्रू, पुन्हा एटीएम कार्ड. काळ्या दांडीचं डावं टोक बिजागरीपाशी तुटलेलं. दांडी बसत होती, पण त्या बाजूने दाबत नव्हती. पट्टी तिथे अर्धा मिलिमीटर वर तरंगत होती. असली दांडी सुटी मिळत नाही. बाहेरून दुसरा कीबोर्ड लावून चाललं असतं, पण माझ्या टेबलावर लॅपटॉप, लॉक आणि प्रुफं ठेवल्यावर बशीलाही जागा उरत नाही.

पट्टीच्या पाठीमागे काहीतरी सारून तिला खाली दाबायचं होतं. दांडी बंद होईल इतकं पातळ, आणि सैल पडणार नाही इतकं जाड. आता हे काम आमचं. कपाटातून चुकलेल्या पत्रिकांचा गठ्ठा काढला. 300 जीएसएमच्या कार्डाची पट्टी कापली, घातली, दांडी बंद होईना. 130चा आर्ट पेपर घातला, बंद झाली, पण पट्टी बोटाने हलत होती. मग एका पत्रिकेचं आतलं पान घेतलं, 170 जीएसएम. अर्धा सेंटिमीटर रुंद कापलं, चकचकीत बाजू वर ठेवून सरकवलं. दांडी हलकेच बसली आणि पट्टी ओढून पाहिली तर सुटेना. ही पत्रिका छापताना मुलीकडच्या आडनावात वेलांटी चुकली होती, पाचशे प्रती वाया गेल्या होत्या. त्यातली एक तरी कामी आली. कापलेल्या पट्टीवर ‘स्वागतोत्सुक’मधलं ‘गतोत्सु’ एवढंच राहिलं होतं. ते आता बॅकस्पेसच्या खाली कुठेतरी आहे.

बटण दाबलं, रिकामं पान उघडलं. म. मा. म्हा. मग ‘मराठी’. मग उगाचच ‘अण्णा’, ‘आज्ञा’, ‘माहात्म्य’. सगळे आले.

कीबोर्ड परत बसवला, पाठीवरचे स्क्रू पहिल्या वाटीपर्यंत संपवले आणि मोजले : 25. चादर झटकली, टेबलाखाली मोबाइलचा दिवा मारला, मिसळणाचा डबा उपडा केला. डीव्हीडीच्या ट्रेखालचा सगळ्यात बारीक स्क्रू नव्हता. भोक तसंच ठेवून ट्रे सरकवला. रात्रीचे साडेबारा झाले होते आणि पान 47 अजून व्हायचं होतं.

बुधवारी पानं वेळेत गेली. दुपारी आमटीला फोडणी घालताना पाहिलं तर सासूबाई कढईपुढे उभ्या होत्या, तेल तापलं होतं आणि मोहरीचा चमचा हातात घेऊन त्या तो खिडकीच्या उजेडाकडे वळवून बघत होत्या.